काहून गेली

ओहायो, जानेवारी २००६

ती. बाबा,
तुमच्या प्रणिताचा दुरून नमस्कार.

मी मजेत आहे. बर्फ पडून रायलं, पण स्वेटर घालते, आईले सांगा.

जठारपेठेतल्या आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लेबल निघालेली इंग्रजी रेकॉर्ड होती, आठवते? तुमी तिच्यासंगं 'काहून गेली, काहून गेली' गायचे. इथल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात मी तसंच गाऊन दाखवलं, न् 'का गेली' असा अर्थही सांगितला. म्हातारा मालक हसला न् तीच रेकॉर्ड काढून घेऊन आला! टिन केटल्स नावाचा साठच्या दशकातला बँड, इथंही फारसा कोणाले माहीत नाही. गाण्यातल्या पोरीचं नाव केली. गाणारा तिले म्हणते, 'कम सून, केली.' म्हणजे लवकर ये.

यंदा कापूस बुडाला, मंग खेड्यावरून रेडिओ घेऊन येते का कोणी? खरं लिहा. दादा म्हणे, तुमी दुकानात नुसते बसून रायता, रेकॉर्डबी लावत नाही.

मी निघाली तवा अकोला स्टेशनावर तुमी हेच गुणगुणत होते. तुमचं 'काहून गेली' ऐकतच मी गाडीत चढली. आता रेकॉर्ड लावा बाबा, न् खरे शब्द गा. मी उन्हाळ्यात येते.

तुमची,
केली