कयाधूची भरती

१ मे १९३७, सकाळ

सभाबंदीची ऑर्डर येऊन आज दोन महिने झाले. उरले चार. कागद पुन्हा वाचला. गाव, मैदान, देवालय, मशीद, शाळा, बाजार, इतक्या ठिकाणी मी भाषण करायचं नाही. ठीक. मौन हेही शस्त्र आहे. आजपासून बोलणं बंद. मौनाचं महत्त्व खेमा भोयाला नदीकाठी दीड तास समजावून सांगितलं. तो जाळं विणत होता. पटलेलं दिसलं.

मनकर्णा माहेरी गेली त्याला सव्वा महिना. हवापालटासाठी.

३ मे

हवापालट नाही. ही वही दुसरं कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. जाताना म्हणाली, न्यायला या, पण तोंड मिटून या. एक घटकाभर मी बोलीन, तुमी ऐकायचं. मंग मी येते.

एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. वसमतला मी सलग साडेतीन तास बोललो आहे. चोवीस मिनिटं न बोलणं त्याहून सोपं असलं पाहिजे.

आज गेलो. तिचं माहेर नदीपलीकडेच. नदी पायी ओलांडायच्या उतारावर पाणी घोट्याएवढं, वहाणा हातात घेतल्या की झालं. सासरे तातेराव म्हणाले, या जावईबापू, टेका. मनकर्णा उंबऱ्याशी बसली आणि बोलू लागली. लग्नाला आपल्या चौदा वर्षं झाली, म्हणाली. तेरा झाली. चूक दुरुस्त करणं कर्तव्य होतं. तिथून विषय ओघानेच विवाहसंस्थेकडे गेला. समारोप झाला तेव्हा तातेराव बसल्या जागी झोपले होते आणि मनकर्णा आत गेली होती.

एकूण मौन सुमारे दोन मिनिटं. सुधारणेला वाव आहे.

५ मे

अपयशाचं कारण सापडलं. माझं आगमन. धोतर खोचलेला, वहाणा हातात घेतलेला माणूस ऐकायला आलाय असं कोणाला वाटेल? ग्रंथात वाचलं आहे, एस्किमो लोक लाकूड आणि कातड्याच्या एकट्यापुरत्या नावेत बसून मासे मारतात आणि दिवसदिवस एक शब्द बोलत नाहीत. नावेचं नाव कयाक. आमच्या नदीचं नाव कयाधू. संबंध उघड आहे.

निश्चय: नाव बांधायची. पाण्यावर मौनाचा अभ्यास करायचा. एक मोठी मरळ धरायची. मग नावेतून, हातात मासा, तोंड बंद, असं मनकर्णेपुढे उभं राहायचं. मुदत मृगापर्यंत. एकदा नदी भरली की उतार दसऱ्यापर्यंत बंद.

शिवाय सरकारी कागदात पाण्याचा उल्लेख नाही. हे सहज लक्षात आलं, इतकंच.

९ मे

सांगाड्याला बांबू घेतले. कातड्यासाठी डोंगरकडा गावच्या रामकिशनकडून दोन जुन्या मोटा आणल्या. विहिरीचं पाणी ओढून त्या म्हाताऱ्या झालेल्या, पण चामडं दणकट. रामकिशन म्हणाला, मास्तर, मोट पानी आत धरायला असती, भाईर ठिवायला न्हाई. अनुभवी माणसाला नवा विचार पेलत नाही. तरी त्यानेच शिवून दिली.

१४ मे

नाव पाण्यात उतरवली. उतारापासून थोडं वर, गावाने उन्हाळ्यासाठी मातीचा बांध घालून डोह अडवला आहे. तिथे.

मासा: नाही. नावेत पाणी: अकरा तांबे उपसलं. मौन: सुरुवात चांगली झाली. मग गुलाम नबीच्या ऐंशी म्हशी दुपारच्या डोहात येऊन बसल्या, सगळ्या माझ्याकडे तोंड करून. पन्नास मिनिटं बोललो. एकही उठून गेली नाही. वसमतनंतर असा श्रोता मिळाला नव्हता.

१७ मे, सायंकाळी

महत्त्वाचं! कयाधूला भरती-ओहोटी आहे.

मी काठाला खुणा केलेली खुंटी रोवली होती. दुपारी बाराला पाणी एक बोट चढतं. चारला एक बोट उतरतं. तीन दिवस लागोपाठ प्रूफ मिळालं. समुद्राची भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. कयाधूची सरकत नाही. समुद्रापेक्षा शिस्त अधिक. हजारो वर्षं हे लोक इथे पाणी भरतात, कोणाला दिसू नये? खेमाला सांगितलं. तो काही तरी म्हशींबद्दल म्हणू लागला. मी विषयांतर होऊ दिलं नाही.

२१ मे

संकटातल्या नावाड्यांसाठी कयाधू नौका-साहाय्य मंडळ स्थापन केलं. सभासद एक, नाव एक, शिट्टी एक.

पहिली कामगिरी आजच. खेमा गुऱ्हाळाची काहील, म्हणजे गूळ उकळायची ती भलीमोठी लोखंडी कढई, डोहात घालून मासे धरतो. आज पाहतो तर काहील गरगर फिरते आहे! शिट्टी फुंकली, वल्हं मारत गेलो, दोर बांधून ओढलं. काहील उलटली. खेमा म्हणाला, मी जाळं सोडून राहिलो होतो, मास्तर. ते फिरतच सोडावं लागतं. तुमी काहून आले? सकाळपासूनचे सगळे मासे पाण्यात गेले. मग त्याने मला बाहेर काढलं, कारण माझीही नाव उलटली होती.

परस्पर साहाय्य हाच मंडळाचा हेतू आहे.

२५ मे, पौर्णिमा

मोठ्या भरतीची अपेक्षा होती. चढलं एकच बोट. ढगाळ हवेचा परिणाम असावा.

गुलाम नबी काठावर येऊन तक्रार करून गेला. मास्टरसाब, तुमारी तकरीर सुनको भैंसां दूध कम देरैं. उद्यापासून भाषणाची वेळ कमी करतो म्हणालो. कोणत्याही चळवळीत सुरुवातीला नुकसान होतंच.

मासा: नाही. खेमा म्हणतो मासा ऐकतो. मग तो थांबत का नाही?

३० मे

गावातली भिकाबाई दोन वाळक्या भोपळ्यांवर छाती टेकून डोह ओलांडत होती. साहाय्याचा हात दिला. तिने मला शेंडीला धरून काठाला आणलं. म्हणाली, मास्तर, माझ्या भोपळ्याला तुमच्यावानी तोंड असतं तर मी कवाच बुडाले असते. धुणं धुणाऱ्या साऱ्या बाया हसल्या. मनकर्णेच्या माहेरच्या दोघी होत्या त्यांत. ही गोष्ट आज संध्याकाळपर्यंत पलीकडे पोचेल.

४ जून

तीन दिवस राहिले. नावेचं कातडं मऊ पडलं आहे, बोट घातलं की आत जातं. मरळ नाही. झिंगासुद्धा नाही.

घर फार शांत आहे. आधी मला शांतताच हवी होती, भाषणं लिहायला. आता दोन ओळी होत नाहीत. आज मनकर्णा तेरा वर्षांत काय काय बोलली ते कागदावर लिहून काढायला बसलो. एवढे ग्रंथ पाठ आहेत माझे. तिचं एकच आठवलं: ऐका तर. त्याच्यापुढे काय होतं ते आठवेना.



७ जून, मृग

मुदत आज संपते, पण जायचं उद्या. उद्या अमावास्या, भरती नक्की मोठी. निरोप खेमाबरोबर धाडला. खेमा म्हणाला, मास्तर, वर सेनगावकडं आभाळ काळं पडून राहिलंय. उताराला अजून घोटाभरच पानी हाय. आजच जा ना पायी. मासा मी देतो.

नकार दिला. दुसऱ्याचा मासा आणि पायी आगमन! तत्त्व म्हणून काही आहे की नाही?

८ जून, रात्री

नीट क्रमाने लिहितो.

दुपारी बाराला पाणी एक बोट चढलं. मग चार बोटं. मग वीत. आनंदाने ओरडलोसुद्धा. थिअरी सिद्ध! मी नाव लोटली. त्याच वेळी ऐंशी म्हशी एकदम उठून काठाकडे धावल्या. हे मला तेव्हा विचित्र वाटलं. मग बांध फुटला.

नावेचा सांगाडा कातड्यातून सुटला. मी बांबूला धरून वाहत होतो. शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला, तोंडात पाणी गेलं. पलीकडून खेमाची काहील येत होती. तिच्यात मनकर्णा, मांडीवर गाठोडं. पाणी वाढतंय हे पाहून वाट बंद व्हायच्या आत ती आपणहून निघाली होती. घरी यायला. दोघांनी मला सदऱ्याला धरून आत ओढलं.

छातीत पाणी, शब्द फुटेना. आणि ती बोलू लागली. खेमा काहील मुद्दाम सावकाश हाकत होता, मला वाटतं.

म्हणाली, माझी आई गेली तवा तुमी घाटावर घंटाभर बोलले. समदे लोक रडले. मला रडायला जागाच न्हाई राहिली. म्हणाली, घरात मी मीठ मागितलं तरी तुमी मिठाचा इतिहास सांगता, मीठ आणत न्हाई. आणखी बरंच. मी ऐकत होतो. चांगलं बोलते. हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

काहील आमच्या काठाला लागली, मी आधी उतरलो. घटका भरली असावी. मनकर्णेने एक पाय जमिनीवर ठेवला, आणि हसली. खरंच हसली. म्हणाली, आन ते भरतीचं सोडा आता. हा वरच्या पावसाचा पूर हाय. दुपारचं पानी चढतंय ते म्हशी बसतात म्हणून. लहानपणी आमी दगडावर रेघ मारून पैजा लावायचो.

एक पाय जमिनीवर, एक काहिलीत.

मला गप्प बसता आलं असतं. तेवढ्यात आवाज परत आला. फक्त एक खुलासा करायचा होता. चंद्राचं आकर्षण, अमावास्येचा योगायोग, तीन दिवसांची नोंद. जास्तीत जास्त अर्धा तास झाला असेल.

मुद्दा संपवून पाहिलं तर काहील नदीच्या मध्यावर होती, मनकर्णा तिच्यात, पलीकडे तोंड करून.

१० जून

उतार बंद. दसऱ्यापर्यंत. निरोप नेशील का, खेमाला विचारलं. म्हणाला, पानी उतरलं की निरोप नेईन, मास्तर. भाषण न्हाई नेणार.

१२ जून, दुपारी बारा

पुराचा जोर ओसरला. काठच्या संथ पाण्यात नवी खुंटी रोवली. म्हशी चार दिवस गोठ्यात बांधलेल्या आहेत. पाणी केसभरही चढलं नाही.

मग मी स्वतः गळ्यापर्यंत पाण्यात उतरून पाहिलं. खुंटीवर काही फरक नाही.

घटकाभर उभा राहिलो. एक शब्द बोललो नाही. पलीकडून कोणीच काही सांगत नव्हतं.