बुलबुलाची तीन पिल्लं आणि माझं चित्र

३ मार्च, सकाळी ७
गॅलरीतल्या वेलीत बुलबुलाने घरटं केलं आहे. तीन अंडी. बायकोला आधी दिसलं, पण कलावंताच्या नजरेने मीच पाहिलं. संकल्प : वन्यजीव संवर्धनाच्या प्रदर्शनात यंदा माझं चित्र लागणारच. आजवर वाघ काढले. पाय जमत नाहीत, म्हणून गवत उंच काढावं लागतं. पण कोणाकडे शिकलो नाही, त्यामुळे कोणी बिघडवलेलंही नाही.

१५ मार्च
पिल्लं बाहेर आली. ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवलं. निसर्गासाठी एवढं चालतं. अडचण एकच : पानं मध्ये येतात. बायको म्हणाली, पानांना हात लावू नकोस, तोच त्यांचा आडोसा आहे. तिला कंपोझिशन समजत नाही.

१६ मार्च
चारच पानं कापली. नंतर आणखी तीन. उजेड सुरेख. चोचींच्या आतला रंग पहिल्या फटक्यात जमला.

१७ मार्च, दुपारी
ब्रश धुवायला आत गेलो. दोन मिनिटं, फार तर तीन. कावळा आला आणि गेला. घरटं रिकामं. आई कठड्यावर बसून होती, चोचीत अळी तशीच.
बायकोला म्हटलं, कावळ्याची जातच तशी. ती कापलेल्या देठांकडे बघत राहिली. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

१८ मार्च
विचारांती : कावळा हासुद्धा निसर्गच.
जोडी अजून येते. गॅलरीचा पडदा ओढून घेतला. उजेडाअभावी काम बंद.

२ एप्रिल
चित्र पूर्ण. नाव ‘घरटी वाचवा’. निवड झाली. बायकोने अभिनंदन केलं, पण भाजी ढवळता ढवळता.

१० एप्रिल
उद्घाटन. प्रदर्शन मांडणाऱ्या पक्षीतज्ज्ञ बाई माझ्या चित्रापुढे बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, शिकलेल्याने मोकळी जागा पानांनी भरली असती, तुम्ही दिसलं तसं काढलंत. छाती फुगली. मग त्यांनी विचारलं, हे देठ कोणी कापले? तोंडातून निघून गेलं, माळ्याने.
आमच्याकडे माळी नाही. वेल कुंडीत आहे.

११ एप्रिल
जेवण गेलं नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला कशाला सांगतोस, त्यांना सांग. बाईंना फोन केला. सुरुवात माळ्यापासूनच झाली, पण शेवटी सांगितलं : कात्री माझी, पिल्लं तीन होती. त्या म्हणाल्या, कालच कळलं होतं. चित्राची जागा बदलली तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. लगेच हो म्हटलं. मन हलकं झालं. बहुधा दारासमोरची मोठी भिंत देतील. प्रामाणिकपणाची कदर करणारे लोक आहेत अजून.

१३ एप्रिल
मोठ्या भिंतीवर हत्ती आहे. माझं चित्र शाळांसाठीच्या कोपऱ्यात. वर बोर्ड : ‘घरट्याजवळ काय करू नये’. त्याखाली दुसरं चित्र नाही.
एक वर्ग आला. पुढच्या मुलीने बोर्ड वाचला, पिल्लं मोजली आणि सरांना विचारलं, ही मोठी झाली का? सरांना माहीत नव्हतं. मी शेजारीच उभा होतो, म्हणून त्यांनी मला विचारलं.
मी म्हटलं, मीही आत्ताच आलो.