बापाच्या डोळ्याला सुरी

बाबा, घरात कोकणीत मी तुम्हाला 'तू'च म्हणायचे. पण आपल्याकडे कागद पुढे घेतला की मराठी येते आणि तिच्यामागून 'तुम्ही' येतं. आज ते बरंच झालं. 'तू' म्हणत एवढा राग काढता आला नसता.

परवा मी आफ्रिकेला निघतेय, मोतीबिंदूची ऑपरेशनं करायला, स्वखुशीने आणि फुकट. लस टोचलेला दंड अजून ठणकतोय. पलंगावर बॅग उघडी आहे आणि माझी हत्यारं मी एकेक करून मऊ फडक्यात गुंडाळतेय. गुंडाळता गुंडाळता तुम्ही आठवलात आणि डोकं तापलं. परक्या मुलखातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना माझा हात चालणार आहे. आपल्या गावच्या, इब्रामपूरच्या एका म्हाताऱ्याला तो चालला नाही.

तुम्हाला दिसेनासं झालंय हे मला स्वयंपाकघरात कळलं. तुम्ही उंडो पाव चहात बुडवायला गेलात आणि तो कपाच्या बाहेर पाटावर टेकवलात. आईने सवयीने कप तुमच्या हाताखाली सरकवला. म्हणजे तिला कधीपासून माहीत होतं! मी बॅटरी आणून बघितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेले. म्हटलं, "म्हापशाक माझ्या दवाखान्यात चल. मी करतंय ऑपरेशन." तुम्ही बॅटरी बाजूला सारलीत. "चेडवान बापाच्या डोळ्याक सुरी लावची? लोक काय म्हणतले?" मी हसले. मुलीने बापाच्या डोळ्याला हात लावू नये, ही मला थट्टा वाटली.

थट्टा नव्हती. पेडण्याला शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं, तेव्हा मला पत्ता लागू न देता तुम्ही जाऊन रांगेत बसलात. ऑपरेशन केलं ते एका तरुण डॉक्टरने. त्याने पहिले मोतीबिंदू माझ्या शेजारी बसून काढले होते. त्याचाच मला फोन आला. "मॅडम, तुमचे वडील आहेत हे मला पट्टी बांधल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावला नसता." बिचारा माफी मागत होता. तुम्ही कधी मागितली नाहीत.

डोळा उत्तम झाला. तुम्ही गावभर सांगत सुटलात, "काय हात त्याचो! लोणी!" चवथीला पंगतीत, सगळ्या पाहुण्यांसमोर, पुन्हा तेच. ते लोणी त्याला कुणी शिकवलं हे सांगायला मी तोंड उघडलं, तर आईने माझ्या पानात खतखतं वाढलं आणि हळूच म्हणाली, "जेव गो." मी जेवले. अजून ते घशात आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलेही असते. पण शेजारची काकी, जिने मला अंगाखांद्यावर खेळवलं, तिला मी दोनदा सांगून आले की लवकर ये. ती म्हणाली, "बापूसच तुझ्याकडे येना नाय, मगे मी कशाक येव?" आली तेव्हा मोतीबिंदू पिकून आत दाब वाढलेला, डोळा गेलेला. मी तिचा हात धरून बसले आणि तुम्ही ओट्यावर त्या 'लोणी' हाताने उघडलेल्या डोळ्याने पेपर वाचत होतात. तुमचा दुसरा डोळा पुढच्या शिबिराची वाट बघत राहिला आणि तसाच तुमच्याबरोबर चितेवर गेला. मी मात्र रोज दवाखाना उघडत होते.

काल तिकडे शिबिर भरवणाऱ्या माणसाचा फोन आला. फार अदबीने म्हणाला, "इथले काही वयस्कर पुरुष बाई डॉक्टरकडे यायला तयार नसतात. त्यांना दुसऱ्या सर्जनकडे पाठवलं तर चालेल?" मी म्हटलं, "जरूर, विचारून पाठवा त्यांना. पण मग प्रत्येक बाईलाही विचारा, पुरुष डॉक्टर चालेल का म्हणून." मग तो म्हणाला, "हे आम्ही कधी विचारलं नव्हतं." माझा आवाज चढला होता. तो राग त्याच्यावर नव्हता हे त्याला कुठून कळणार?

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, आणि पोचलं असतं तरी तुम्ही घडी घालून बाजूला ठेवलं असतं. म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. नाही म्हणणाऱ्यांची मला भीती नाही, त्यांची सवय आहे. एखादा म्हातारा काही न विचारता माझ्यापुढे आडवा होईल, हनुवटी वर करेल आणि डोळा माझ्या स्वाधीन करेल, तुम्ही कधी केला नाहीत तसा, त्याची मला भीती वाटते.