कुटुंबप्रमुखाची परवानगी

३ नोव्हेंबर २०२५

पोचले एकदाची पांढुर्ण्याला! तिगाव मागे पडताच मी बॅग घेऊन दाराशी जाऊन उभी राहिले, तर गाडी सिग्नलला वीस मिनिटं अडली आणि मी शहाणी तशीच उभी. पण आज कशाचाच राग येत नाही. सहा महिने बैतूलला मैत्रिणीकडे, मानसीकडे, पाहुणी म्हणून राहिले. आता स्वतःची खोली आहे, स्वतःची किल्ली आहे. घरमालकीण विजयाबाई खाली राहतात. त्यांनी आल्या आल्या चार संत्री हातात ठेवली आणि चौदा प्रश्न विचारले.

ऑफिस बसस्टँडजवळ आहे. एकाच दारावर तीन पाट्या: व्यापाऱ्यांची बिलं आणि रिटर्न बघणारं ‘नोंदसाथी’, पैसे पाठवायचं ‘चटकन’ आणि विम्याचं ‘छत्रछाया’. कंपनी एकच. मी नोंदसाथीत. साहेब गजेंद्रभाऊ, पोटभर हसणारे. इथली रीत अशी की नव्या माणसाने पहिला फॉर्म स्वतःचाच भरायचा. त्याला बोहनी म्हणतात. त्यांनी नारळ फोडला, मी फॉर्म भरला: नवा मोबाइल नंबर, जुनं पॅनकार्ड, या खोलीचा पत्ता. खाली परवानगीच्या सात चौकटी होत्या. न वाचता सातही खुणा केल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला चक्क रडू आलं, आनंदाने.

नवऱ्याला, प्रवीणला, मी कुठे आहे ते माहीत नाही. नागपूरच्या घरात त्याने माझं डावं मनगट पिरगाळून मोडलं. प्लास्टर निघायच्या आत मी तिथून निघाले. सौंसरला आईलाही फक्त ‘बरी आहे’ एवढंच कळवते. ही वही मात्र हातानेच लिहायची. वहीतलं आपोआप कुठे जात नाही.

७ नोव्हेंबर

फॉर्म भरण्यात हात बसला. संत्र्याचे व्यापारी, शिंपी, किराणावाले, सगळे घाईत असतात. ते ओटीपी सांगतात आणि चौकटींवर खुणा मीच करते. फॉर्ममागे दोन मिनिटांची बचत होते.

आज कवडूबाबा आले, संत्र्याचे जुने व्यापारी. त्यांनी मात्र चष्मा लावून स्क्रीनवर बोट ठेवलं. “हे काय लिवून हाये, पोरी?” मी सांगितलं, तुमची माहिती कंपनीच्या परिवारात वाटायची परवानगी. “परिवारातच ना? मंग कर खूण. घरचेच त हायेत.” मी हसत हसत खूण केली. संध्याकाळी विजयाबाईंना सांगितलं तर त्याही हसल्या.

१२ नोव्हेंबर

दुपारी छत्रछायाचा मेसेज. करुणाजी, पांढुर्ण्यात स्वागत, तुमचं डावं मनगट आता कसं आहे?

दोनदा वाचला. हा नंबर घेऊन पंधरा दिवससुद्धा झाले नाहीत. मनगटाबद्दल इथे कोणाशी एक शब्द बोललेले नाही, बाही कायम खाली असते.

मग आठवलं. दवाखान्याचा खर्च प्रवीणने विम्यातून घेतला होता, बायको बाथरूममध्ये घसरली असं लिहून. विमा कुठल्या कंपनीचा ते मी कधी बघितलंच नव्हतं; घरातले कागद तोच बघायचा. तो छत्रछायाचाच असणार, आणि त्या पाटीखालून मी रोज जाते!

१३ नोव्हेंबर

गजेंद्रभाऊंना विचारलं. ते कौतुकाने सांगू लागले की आपल्या तीन पाट्या म्हणजे तिघं भाऊ, एका ताटात जेवतात, एकाला सांगितलं की तिघांना कळतं, पॅन जुळलं की माणूस सापडलाच. माझी माहिती काढून टाका म्हटलं, तर वरच्या ऑफिसला अर्ज करावा लागतो आणि महिना जातो.

महिना कोण थांबणार? छत्रछायाचं ॲप उघडलं. त्यात मी होते: सदस्य, पत्नी. खाली ‘मला काढा’ असं बटण. घाईघाईने दाबलं.

उत्तर आलं. विनंती कुटुंबप्रमुखाकडे परवानगीसाठी पाठवली आहे. आपलं नवं गाव पांढुर्णा, हेही त्यांना कळवलं आहे.

कुटुंबप्रमुख म्हणजे प्रवीण. त्याला मीच कळवलं, माझ्याच बोटाने. गाव कळलं, पण गल्ली, घर थोडंच कळलं? एवढ्या मोठ्या गावात तो कुठे शोधणार?

१४ नोव्हेंबर

आईचा फोन. प्रवीणने तिला विचारलं, पांढुर्ण्याला थंडी कशी आहे. गोड आवाजात. आई रडत होती. “तू तेथं हायेस का वं? मले त काईच सांगतलं नाई तूनं.” मी नाही म्हटलं. आईशी खोटं बोलले.

उद्या दुपारी अडीचच्या गाडीने बैतूल. मानसी स्टेशनवर येईल. तिन्ही ॲप फोनमधून काढली. भीती वाटते, खूप वाटते. आणि कवडूबाबांचं बोट डोळ्यांसमोरून जात नाही. किती जणांच्या खुणा केल्या मी — घरचेच त हायेत —

१५ नोव्हेंबर

सकाळी साडेनऊ. चटकनचा मेसेज. ॲप काढलं तरी येतात. तुमच्या परिवारातील प्रवीण यांनी लोधीखेड्यात चहा घेतला, तुम्हालाही दहा टक्के सूट! लोधीखेडा म्हणजे नागपूरहून इकडे यायचा रस्ता.

साडेदहा. सौंसर. पेट्रोल. पंपाच्या मागच्याच गल्लीत आईचं घर — फोन लावते आहे — उचलत नाही.

अकरा. आईने उचलला. तिच्याकडे आलाच नाही. सरळ पुढे गेला.

बारा. पांढुर्णा. पाण्याची बाटली. बसस्टँडजवळचं ते दुकान, त्याचा फॉर्म मीच भरला होता.

गाडीला अडीच तास आहेत. बॅग भरली. जिना एकच. उतरू की नको —

विजयाबाई खालून हाक मारतात. “अवं करुणा, तुहे मालक आले ना! सांगतलं नाई तूनं. चा ठेवून राहिली मी.” पत्ता त्याच्या फोनमध्येच होता म्हणे. वरची खोली, हेसुद्धा.

कडी लावली. हे लिहून ठेवते, मागाहून कोणी विचारलं तर — मी घसरले नाही. बाथरूममध्ये नाही, जिन्यावर नाही, मी कुठेच घसरले नाही —

पायऱ्या. तो सावकाश चढतो. घाई कधीच करत नाही —

फोन वाजला. छत्रछाया. सदस्य आणि कुटुंबप्रमुख एकाच पत्त्यावर आढळले आहेत. हाच कायमचा पत्ता करायचा का? हो. नाही.

‘नाही’ दाबलं.

यासाठी कुटुंबप्रमुखाची परवानगी ला