दोनशे आठ फटी

क्रोग्सविग, १५ एप्रिल १९९८

ती. रागनहिल्दताईस,
खाऱ्या वाऱ्यासह सा. न. वि. वि.

माझ्या हातांनी आजवर काय काय केलं, ते एकदा कागदावर असू दे. घराचं छप्पर, दोनदा, दुसऱ्यांदा नीट. तीन होड्या, पैकी दोन तरंगतात. गावच्या सभागृहातली बावीस बाकं. चर्चच्या दाराची कडी. थोराच्या म्हाताऱ्या कुत्र्याची ढकलगाडी. आणि तीन हिवाळे खपून या मार्चमध्ये पुरा केलेला, अडतीस मीटर लांबीचा, पोहायला उतरण्याचा लाकडी धक्का. लाकूड गावानं दिलं, काम माझं. चौतीस खांब, सगळीकडे स्क्रू, खिळा एकही नाही. किनाऱ्याकडच्या चौदा मीटरला, जिथे खाली दगड आहेत, तिथे दोन्ही बाजूंना उभ्या गजांचा कठडा. सुतारकाम मला कोणी शिकवलं नाही, हे तू जाणतेसच.

काल नगरपालिकेचा निरीक्षक येप्पे तपासणीला आला. नेमकी सकाळी सात वाजता. त्या वेळी आमचं हिवाळी पोहणारं मंडळ पाण्यातून वर येतं आणि अंगावर कोणाच्याच सूतभरही नसतं. बिचारा मान खाली घालून गजांमधल्या फटी मोजत बसला. मंडळातल्या थोरानं त्याला विचारलं की बाळा, काही हरवलंय का? एक्क्याऐंशीची आहे, खुब्याचं हाड बदललेलं, पण जिभेला अजून काही बदलावं लागलं नाही.

येप्पे म्हणाला की नियमानं फट एकोणनव्वद मिलिमीटरहून मोठी नको, नाहीतर लहान मुलाचं डोकं अडकतं. माझ्या नकाशात एकोणनव्वद लिहिलंय. त्याच्या टेपवर साडेएक्क्याण्णव भरले. दोनशे आठ फटी, सगळ्या साडेएक्क्याण्णव! ११ मेपर्यंत दुरुस्ती झाली नाही, तर धक्का दोरी बांधून बंद. मग तो उखडून पलीकडच्या गावाला ॲल्युमिनियमचा तयार धक्का बसवतील म्हणे, कारण तिथे गाड्या लावायला जागा आहे. कठड्याला धरल्याशिवाय थोराला पाण्यात उतरता येत नाही, आणि पलीकडच्या गावाला ती जायची नाही. तिथे तिची नणंद राहते.

माझी फट चुकत नाही, ताई. त्यांची टेप चुकली असणार. चार पानी तक्रार लिहिली आहे, प्रत सोबत जोडतो. तू एकतीस वर्षं बांधकाम खात्यात काढलीस, एक नजर टाक.

तुझा, आणि या घडीला फक्त तुझाच,
आस्गेर

---

ओडेन्स, १७ एप्रिल १९९८

चि. आस्गेरास,
अनेक आशीर्वाद, आणि कान पुढे कर.

तुझी तक्रार वाचली. भाषा झकास आहे. ‘सरकारी टेपची लोंबकळलेली नीतिमत्ता’ हे वाक्य मी शेजारणीला वाचून दाखवलं. पण ती पाठवू नकोस. आधी मला एवढंच सांग, की फटी कशानं मोजल्यास? आजोबांच्या त्या पिवळ्या घडीच्या फूटपट्टीनं ना? मला खात्री आहे, कारण तू दुसरी कुठली हातात धरत नाहीस आणि ती कोणाला धरू देत नाहीस.

आता शांतपणे ऐक. आजोबांची फूटपट्टी जुन्या डॅनिश इंचांची आहे. तू साडेतीन इंच धरलेस आणि मिलिमीटर काढायला पुस्तकातल्या इंग्रजी इंचानं गुणलेस. इंग्रजी साडेतीन इंच म्हणजे अठ्ठ्याऐंशी पूर्णांक नऊ. आपले साडेतीन म्हणजे साडेएक्क्याण्णव. आपला इंच मोठा, बाळा. माणसं लहान असली तरी.

लाज वाटून घेऊ नकोस. माझ्या टेबलावर अशी चूक आणणारा तू चौथा. आधीच्या तिघांकडे तर सुतारकीची प्रमाणपत्रं होती. हे वाचून तुला बरं वाटेल, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता काम कर. गज काढू नकोस, सगळा कठडा ढिला होईल. प्रत्येक फटीत गजाच्या एका अंगाला तीन मिलिमीटरची कामटी बसव, भागतं. आणि बुधवारच्या सहभोजनात उठून सगळ्यांना स्वतः सांग. गावाला दुसऱ्याकडून कळलं, तर तू वर्षभर मान वर करणार नाहीस. मी ओळखते तुला. सायकलवरून पडलास तेव्हा रस्त्याला दोष देत होतास.

लोभ आहे, तो तू हट्ट केलास तरी आटायचा नाही.
तुझी,
रागनहिल्द

---

क्रोग्सविग, २४ एप्रिल

ती. ताईस, सा. न.; वि. वि. काही नाही.

तक्रार त्याच दिवशी टपालात टाकली होती.

तुझं पत्र आल्यावर पोलादी टेप घेऊन धक्क्यावर गेलो. साडेएक्क्याण्णव. दोनशे आठही मोजल्या, एखादी तरी निराळी निघेल म्हणून. माझं काम इतकं एकसारखं आहे की चूकसुद्धा कुठे हलत नाही.

बुधवारी सहभोजनाला गेलो नाही. ठरवलं की सगळ्या कामट्या एकट्यानं कापायच्या, एकट्यानं बसवायच्या, कोणाला कळू द्यायचं नाही. लार्चचं लाकूड तीन मिलिमीटरला चिरताना तुटतं. दोन दिवसांत एकोणीस झाल्या. मुदतीपर्यंत हे होणं नाही, आणि हे सांगायला मला कोणाची गरज नाही.

आज थोरा कुत्र्याची गाडी ढकलत आली. बुधवारचे मटणाचे गोळे उरले ते डब्यात घेऊन. जमिनीवर पडलेला भुसा पाहिला, माझं तोंड पाहिलं आणि विचारलं की कोण मेलं? मी सांगितलं. आधी ती हसली, इतकी की तिला बाकावर बसवावं लागलं. मग म्हणाली की अरे शहाण्या, मी त्या पोरासमोर कशी उभी होते ते अख्ख्या गावानं पाहिलं, आणि तू अडीच मिलिमीटर झाकत बसलास? येत्या बुधवारी तू उठला नाहीस, तर मी उठते. आणि मी सांगितलं तर अडीचचे पाच होतील.

ताई, ती खरंच करेल.

लोभ कमी करायचा असेल तर आत्ताच कर, मला कळणार नाही.
आस्गेर

---

क्रोग्सविग, १२ मे

ती. रागनहिल्दताईस,
यावेळी पूर्ण, नीट आणि मोजून सा. न. वि. वि.

उठलो. सूप आणि मुख्य जेवणाच्या मध्ये उठलो, कारण जेवणानंतर माझी हिंमत राहिली नसती. सांगितलं की फटी चुकल्या, टेप बरोबर आहे, फूटपट्टी आजोबांची आणि गुणाकार माझा. मग बेकरीवाल्या हॉल्गेरनं विचारलं, की म्हणजे बावीसही बाकं चुकीची असतील काय? त्याची बायको म्हणाली की तुझं बूड डॅनिश इंचांचंच आहे, बस गप. झालं, त्यानंतर मला कोणी बोलूच दिलं नाही. पोहणं सोडून कामट्या कोण कापणार आणि कोण बसवणार, याची यादी कॉफी येण्याआधी भरली.

चर्चच्या प्रार्थनादिनाच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दरवर्षीसारखे सगळ्यांनी गरम गव्हाचे पाव खाल्ले आणि शुक्रवारी सुट्टी धक्क्यावर काढली. एकतीस माणसं. पास्टरीणबाईसुद्धा दुपारी आल्या. म्हणाल्या की आजच्या दिवशी काम करू नये, पण कामट्या धरून उभं राहायला हरकत नसावी. माझ्याशिवाय एकाच्याही हातात सुतारकी नाही. हॉल्गेरच्या कामट्या तिरक्या. शाळेतल्या मुलींनी आपल्या कामट्यांच्या मागे नावं लिहिली. थोराच्या तीनही उलट्या बसल्या आहेत, पण तिला सांगायची माझी छाती नाही. मी दुरुस्त करायला पटाशी काढली, आणि परत ठेवली. हे मी आयुष्यात प्रथमच केलं.

काल येप्पे आला, यावेळी मुद्दाम दहा वाजता. सगळ्या फटी मोजल्या. सर्वांत मोठी अठ्ठ्याऐंशी पूर्णांक सात. कागदावर शिक्का मारला, धक्का गावाकडेच राहिला. मग माझी तक्रार खिशातून काढून मला परत दिली आणि म्हणाला की नीतिमत्तेचं ते वाक्य आमच्या ऑफिसात भिंतीवर लावलंय, प्रत ठेवून घेतली आहे. मुलगा बरा आहे. त्याला म्हटलं की पोहायला ये. तो लाल झाला.

जूनमध्ये तू येतेसच. टॉवेल आण, बाकी काही लागत नाही. लोभ वाढव; माझा इथे दोन्ही बाजूंनी कठडा लावून पक्का आहे.

तुझा,
आस्गेर

ता. क. निघताना येप्पेनं आणखी एक कागद पुढे केला. धक्का नगरपालिकेच्या नावावर करायचा, देखभाल त्यांची, तिरक्या कामट्या त्यांचा सुतार बदलून देईल, आणि माझ्या तीन हिवाळ्यांच्या मेहनतीचे पैसे मला. गावानं सांगितलं की तुझा तू ठरव. मी त्यावर ‘नको’ लिहून सही केली. रक्कम होती पंच्याऐंशी हजार क्रोनर.