नावापुढचं टिंब

४ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी बोलावून सांगितलं, दवाखान्यात नवीन सिस्टीम येत्या सोमवारपासून. जुन्या सिस्टीममधल्या सगळ्या जनावरांच्या नोंदी तिच्यात हलवायच्या. काम माझं! बारावी अर्धवट सोडलेल्याचं. अजून तीन महिन्यांच्या बोलीवरच आहे मी.
सॉफ्टवेअरवाल्याने दोन रस्ते दाखवले. एक म्हणजे एकगठ्ठा – फाइल ओतायची, चहा पिऊन येईपर्यंत काम फत्ते. दुसरा पायऱ्यांचा – प्रत्येक नोंद एकेक पायरी चढते, शेवटी 'खात्री'पाशी थांबते, माणसाने बघून होकार दिला की मगच आत. "आठवडे जातील," तो म्हणाला. "बसशील एकेका मांजराची चौकशी करत."
एकगठ्ठाच ठरलं.

५ फेब्रुवारी
फाइल साफ केली. 'पिल्लू'चा शेवट कुठे कुठे ऱ्हस्व होता, दीर्घ केला. कितीतरी नावांपुढे उगाच पूर्णविराम. 'मोत्या.' 'राणी.' नाव म्हणजे काय वाक्य आहे? सगळे एका झटक्यात काढले. आधी मूळ फाइलची प्रत ठेवली. मी प्रत काढल्याशिवाय शिंकतही नाही, असं बाबा म्हणतात.
घरी भिंगरीने आजही ताटलीला तोंड लावलं नाही. मूत्रपिंडं थकली आहेत. बाबा तिच्याशेजारी जमिनीवर बसून म्हणत होते, "दोन घास खा गं बाई, माझ्यासाठी." मला कधी असं म्हणाल्याचं आठवत नाही. पण कुत्रीने मनावर घ्यायला हवं होतं.

७ फेब्रुवारी
चाचणी म्हणून थोड्या नोंदी एकगठ्ठा ओतल्या. गेल्या आत, एकही चूक दाखवली नाही. खूश होतो.
दुपारी पलीकडच्या गल्लीतले शिंपीकाका आले. फोन पुढे केला. "बाळा, हे तू पाठवलंस का?"
'आपल्या लाडक्या राणीच्या लसीची वेळ झाली आहे.' नोंद आत गेली की सिस्टीम आपणहून निरोप धाडते.
"राणी जाऊन दोन वर्षं झाली रे. वाचलं आणि पट्टा शोधायला उठलो मी."
रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.
संध्याकाळी आधीच्या काउंटरवरच्या मावशींना फोन केला. डोळ्यांमुळे गेल्या वर्षी काम सोडलं त्यांनी. "टिंबं काढलीस?" त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाल्या, "अरे, जुन्या सिस्टीमला 'मेलं' लिहायला जागाच नव्हती. असती तरी माझ्याच्याने लिहवलं नसतं. म्हणून टिंब."
आणि मी शुद्धलेखन सुधारत होतो.

८ फेब्रुवारी
प्रत होती, टिंबं परत आली. पण मावशींनी काम सोडल्यावर टिंब दिलंय कोणी? त्यानंतर गेलेले सगळे आमच्याकडे अजून जिवंतच आहेत. एकगठ्ठा ओतलं तर घरोघरी निरोप जाणार.
डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, पायऱ्यांचा रस्ता घेऊ या, प्रत्येकाला फोन करतो.
"सोमवार हुकेल."
"हो."
"बोली तीन महिन्यांची आहे, माहितीये ना?"
"हो."
"आणि फोनवर काय विचारणार? जिवंत आहे का, असं?"
"'कशी आहे' विचारेन. पुढचं ते सांगतील."
त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं. "कर."

१२ फेब्रुवारी
लोक फार सांगतात. एक रिक्षावाले म्हणाले, मांजर गेली, पण सोफ्यावरच्या तिच्या जागेवर अजून कोणी बसत नाही. नवीन सिस्टीममध्ये 'मृत' असा रकाना आहे, निरोप त्याने थांबतात. तो भरतोच. पण आधी टिंब देतो.
एका शिक्षिकाबाईंना विचारलं, कासव कसं आहे? "ते मेलं –" म्हणाल्या. माझं बोट टिंबावर गेलं. "– ते मेलं आम्हाला सगळ्यांना पुरून उरेल!"
बोट मागे घेतलं. दिवसभर हसत होतो.

१५ फेब्रुवारी
एक नियम केलाय. या वहीत भिंगरीच्या नावावर वाक्य संपवायचं नाही. वेडेपणा आहे, कळतं. मागची पानंही तपासली. कुठेच संपलेलं नाही.
बाबा तिला आता कडेवर घेऊन जिना उतरतात.

१८ फेब्रुवारी
गेली. सकाळी, बाबांच्या मांडीवर. डॉक्टरीणबाई दवाखाना उघडायच्या आधी घरी आल्या होत्या.

२१ फेब्रुवारी
तिची नोंद पुढ्यात आली. मालक म्हणून बाबांचं नाव. फोन करायचा नियम माझाच. केला.
"दवाखान्यातून बोलतोय."
"आवाज ओळखतो रे तुझा."
मला 'कशी आहे' म्हणवेना. तेच म्हणाले, "तिचं आलं का?"
"हो. पण थांबवता येतं, बाबा. या रस्त्याने नोंद थांबते."
"मग थांबू दे. थोडे दिवस."
जाताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती राहिलंय?" इतर पुष्कळ आहेत, म्हटलं, आणि एक. त्यांनी कुठलं ते विचारलं नाही. टेबलावर पत्र ठेवून गेल्या. बोली संपली, मी कायम.

२ मार्च
बाबा न सांगता दवाखान्यात आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. माझ्या खुर्चीत बसले, चष्मा लावला. "कुठलं बटण?"
मी बोटाने दाखवलं. दाबलं त्यांनीच.
भिंगरी.