तिसऱ्या डब्याची चकती

बाबा, तुमचं मक्याचं जुनं पेरणी यंत्र अजून चालतं. यंदा रब्बीत त्यानंच अर्धं वावर पेरलं. कोंब वर आले तेव्हा चारांतल्या तीन ओळी एकसारख्या होत्या. प्रत्येक फेऱ्यातली तिसरी मात्र कुठे दोन-दोन रोपं चिकटून, कुठे दीड हात रिकामी. तुमच्या वेळेपासूनचे ट्रॅक्टरवाले काका वावराच्या धुऱ्यावर उभे होते. रिकाम्या जागी दाणे लावायला आलेल्या बायकांसमोर मी म्हणाले, "काका, पेरताना ट्रॅक्टर पळवला तुम्ही."

"मी काहून पळवीन वं पोरी? पळवला असता त चारही ओळी बिघडल्या असत्या."

"काकाले जेवाची घाई झाली असन!" एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या, मीही हसले. काका दुपट्टा झटकून निघून गेले. उरलेल्या पेरणीसाठी बोलावलं तर निरोप आला, "तिले म्हणा, दुसरा पाहून घे."

मग मी यंत्र विटांवर चढवलं, खाली पोतं पसरलं आणि चाक हातानं फिरवलं. शाळेत जायच्या आधी अंक मी याच पोत्यावर शिकले. तुम्ही चाक फिरवता, मी पडलेले दाणे मोजते, आणि माझा एक चुकला की तुम्ही काही न बोलता पुन्हा पहिल्यापासून फिरवता. तिसऱ्या नळीतून कधी काहीच पडेना, कधी दोन. त्या नळीवरचा बियाण्याचा डबा उघडला, तर दाणे एकेक सोडणारी तळाची चकती उलटी बसलेली. ती मीच बसवली होती. गेल्या हंगामानंतर चारही चकत्या काढून साबणानं घासल्या, तेव्हा वरची बाजू कळावी म्हणून तुम्ही लावलेला रंगाचा ठिपका एकीवरून निघून गेला. मला तो मळ वाटला होता. लहानपणी एकदा अशीच घासत बसले होते, तर तुम्ही ओरडलात, "लय घासू नको. मशीन हाय, भांडं नाही." त्या दिवशी मी जेवले नव्हते.

चकती पालटली आणि दाणे एकेक पडू लागले. हे सांगायला मी काकांकडे गेले. ते ओट्यावर बसले होते. दारापर्यंत शब्द नीट पाठ होते, पण तोंडातून निघालं, "चकती खराब होती, काका."

"पाय, मी म्हणलं होतं ना!" ते एकदम खूश झाले. "तुह्या बापानं जलमात नवी चकती घेतली नाही. कंजूस होता लेकाचा!"

उद्या ते पेरायला येणार आहेत. तुम्हाला लिहिलेला हा कागद खरं तर त्यांच्या हातात द्यायला हवा, देणार नाही. ते तुम्हाला कंजूस म्हणाले, तेव्हा मी हसून हो म्हणाले, बाबा. नाही म्हणायला तुम्ही तिथे नव्हता.